भिंतीपलीकडचा रेडिएटर

सोमवारी सकाळी नसरीनने दार वाजवलं तेव्हा मी तिला लगेच आत घेतलं नाही. ती शेजारच्या घरात माझ्या भावाकडे, नॉर्मनकडे, कामाला येते. शनिवार-रविवार सोडून रोज नऊला त्याच्या दारासमोर तिची छोटी लाल गाडी लागते. ती त्याला अंघोळ घालते, ओटची लापशी करून देते, गोळ्या देते आणि पावणेदहाला जाते. हे सगळं मला खिडकीतून बघून पाठ झालेलं. पण माझं दार तिने आजवर कधी वाजवलं नव्हतं.

"मिस्टर अ‍ॅक्रॉइड, नॉर्मनना शुक्रवारी सोडणार आहेत हॉस्पिटलमधून."

"सोडू देत की. मी काय बँडबाजा लावू?"

ती हसली नाही. बाहेर जानेवारीचं ओलं धुकं होतं आणि तिचं नाक थंडीने लाल झालेलं. मग माझी मलाच लाज वाटली. "ये आत," म्हटलं, "दार उघडं ठेवलं की घर गार पडतं."

स्वयंपाकघरात बसवलं तिला. डोरीन, म्हणजे माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून माझा सगळा संसार त्या एका खोलीत आहे. वर फक्त झोपायला जातो.

"ते कसे सापडले मला, कळलं का तुम्हाला?" नसरीनने विचारलं.

"अँब्युलन्स माझ्याच खिडकीसमोर उभी होती. मी काय आंधळा आहे?"

"दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी पडले होते ते. मी आले सोमवारी. मागच्या खोलीत रेडिएटरला टेकून बसले होते, हातात चमचा. काहीतरी खायला उठले असतील. न्यूमोनिया झाला. वाचले हेच नशीब." तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "आता डॉक्टर म्हणतात, खोलीत एकवीस डिग्री असेल तरच घरी पाठवू. मी आत्ताच मोजलं. तेरा आहे."

"गॅसची शेगडी होती ना पुढच्या खोलीत?"

"गॅसवाले तिला लाल चिठ्ठी लावून गेलेत. धोकादायक, वापरू नये."

"मग प्लगचा हीटर लाव."

"लावला. फ्यूज उडाला. त्या घरातली वायरिंग बघितलीत का कधी?" ती जरा चिडलीच. "दोन फिटर येऊन गेले. रेडिएटरचा पाइप भिंतीत जातो आणि तुमच्या घरात निघतो म्हणे. दोन घरं आणि एक बॉयलर, हे आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही म्हणाले, आणि पळाले. नवीन बसवायचं तर सहा आठवडे. तोवर त्यांना वृद्धाश्रमात ठेवतील. तात्पुरतं."

"तात्पुरतं," मी म्हणालो.

"तिथून अठ्ठ्याहत्तर वर्षांचं माणूस घरी परत आलेलं मी अजून बघितलं नाही, मिस्टर अ‍ॅक्रॉइड."

मीही बघितलेलं नाही. "नॉर्मनने पाठवलं तुला?"

"नाही. ते म्हणाले, त्याच्याकडे जाऊ नकोस, तो दगड आहे."

"बरोबर सांगितलं त्याने," मी म्हणालो. "त्याच्या घराची किल्ली ठेव टेबलावर आणि जा."

आता ही पाइपची भानगड सांगायला हवी. आमच्या बॅटली गावात ही दगडी घरं एकाला एक चिकटून बांधलेली. मधली भिंत दीड फूट जाड. चौदा नंबर माझं, सोळा नंबर आईवडिलांचं. लोकांच्या घरी बॉयलर आणि रेडिएटर बसवण्यात माझं आयुष्य गेलं. एकोणऐंशी साली स्वतःच्या घरात बसवलं तेव्हा वडिलांना म्हटलं, तुमच्याकडेही लावून देतो. म्हातारा म्हणाला, शेगडी आहे मला, तुझ्या त्या कोमट नळ्या तुलाच लखलाभ. पण आईचे गुडघे धरायचे. मग मी तिच्यासाठी मागच्या खोलीत एकच रेडिएटर लावला आणि त्याचे दोन पाइप, एक गरम पाणी नेणारा आणि एक परत आणणारा, भिंतीला भोक पाडून माझ्या स्वयंपाकघराच्या जमिनीच्या फळ्यांखालून माझ्याच बॉयलरला जोडून टाकले. नियमात बसतं का ते विचारू नका. त्या काळी सगळेच करायचे.

आईने त्या पाइपचा टेलिफोन केला. जॅमच्या चमच्याने तिकडून तीन ठोके दिले की त्याचा अर्थ, ये. मी इकडून दोन द्यायचे. म्हणजे, ऐकलं, आलो. तांब्यातून आवाज इतका खणखणीत यायचा की डोरीन दचकायची. "तुझी आई आली बघ जमिनीखालून," म्हणायची.

वडील गेले. नॉर्मन, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, लग्न न केलेला, आईजवळ राहिला. शेवटची दोन वर्षं तिने अंथरूण धरलं तेव्हा तिचं सगळं त्यानेच केलं. मी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायचो. आणि येत्या फेब्रुवारीत अकरा वर्षं होतील, एका रविवारी दुपारी मी ह्याच टेबलाशी चहा घेऊन रग्बीची मॅच बघत बसलो होतो, तेव्हा पाच वाजता नॉर्मन दारात येऊन उभा राहिला.

"आई गेली," म्हणाला. "चारला गेली. मी ठोकत होतो. तू आला नाहीस."

मी म्हटलं, तू काही ठोकलं नाहीस. मी इथंच बसलोय, पाइप माझ्या पायाखाली आहे.

"वीस मिनिटं ठोकलं. एका हाताने तिला धरलं होतं आणि दुसऱ्याने ठोकत होतो."

मी त्याला खोटारडा म्हणालो. म्हणालो, तुला आई शेवटपर्यंत एकट्यालाच हवी होती. तो म्हणाला, तू ऐकलंस आणि मॅच संपायची वाट बघत बसलास. आई अजून पलीकडे तशीच होती आणि आम्ही दोघं दारात उभे राहून एकमेकांना नाही नाही ते बोललो. त्यानंतर एक शब्द नाही. आमच्या दोन दारांत सहा पावलांचं अंतर आहे. डोरीन गेली तेव्हा तो चर्चमध्ये प्रार्थनेला आला, मागच्या बाकावर बसला आणि चहाच्या आधी निघून गेला. मी त्याला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पण त्याचा रेडिएटर मी बंद केला नाही. डोक्यात राख घातली तरी धंदा धंदा असतो. माणसाची ऊब तोडायची हे आमच्यात नाही.

मंगळवारी हत्यारांची पेटी घेऊन त्याच्या घरात शिरलो. अकरा वर्षांनी. आईच्या खोलीत आता त्याचा पलंग होता, एक खुर्ची, एक कप, एक बशी. खिडकीत जॅमचा चमचा धुऊन ठेवलेला. तिच्या फोटोकडे मी बघितलं नाही, थेट रेडिएटरशी गेलो.

हात लावला. वर कोमट, खाली बर्फ. म्हणजे आत गाळ. जुन्या लोखंडाचा गंज खाली बसतो आणि पाण्याची वाट अडवतो. दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद केले, रेडिएटर सोडवला आणि ह्या दुखऱ्या पाठीने तो मागच्या अंगणात ओढत नेला. नळी लावल्यावर काळंकुट्ट पाणी निघालं, तासभर निघत राहिलं. पुन्हा बसवला, हवा काढली, बॉयलर चालू केला. दुपारपर्यंत खोलीत पंधरा झालं. पंधरावर काटा अडला.

मग मला कळलं की दोष त्या एका रेडिएटरचा नाही, वाटणीचा आहे. पाणी आळशी असतं. बॉयलरजवळचा रेडिएटर दिसला की तिथूनच वळून परत येतं, लांबच्याला काय उरेल ते. म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या पायाशी टोपीखाली एक वॉल्व्ह असतो. जवळच्याचा जवळजवळ मिटवायचा, पुढच्याचा थोडा सैल आणि शेवटच्याचा सताड उघडा. मी हे दुसऱ्यांच्या घरी चाळीस वर्षं केलं. आणि माझ्या घरात? डोरीन गेल्यावर मला ऊबच येईना, तेव्हा एका संध्याकाळी पाना घेऊन मी माझ्या घरातले सगळे वॉल्व्ह पूर्ण उघडून टाकले होते. पलीकडच्याला काय जात असेल ह्याचा विचारही केला नाही. चार वर्षं तो तेरा डिग्रीत राहिला आणि एका शब्दाने बोलला नाही.

बुधवारी वाटणी करायला बसलो. हे काम म्हणजे बरंचसं थांबणं असतं. अर्धा फेरा मिटवायचा, मग चाळीस मिनिटं थांबायचं. जाणाऱ्या पाइपला एक थर्मामीटर, येणाऱ्याला एक. पुन्हा पाव फेरा. पुन्हा थांबा. माझ्या घरात वॉल्व्ह फिरवायचा, दार ओढायचं, सहा पावलं, त्याच्या घरात काटा बघायचा. दिवसभर हेच. थांबायचं ते मी त्याच्या खुर्चीत थांबायचो. दुसरी खुर्चीच नव्हती त्या घरात.

त्या खुर्चीतून मला ते दिसलं.

पांढऱ्या रंगाने रंगवलेला पाइप जमिनीतून वर येतो, तिथे वीतभर उंचीवर रंग उडालेला होता. तांबं चेपून चेपून तिथे खळगा पडलेला. आता तांब्याची एक गोष्ट मला झोपेतही कळते. उघडं पडलं की ते महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी होतं. खळग्याच्या कडा तशा काळपट तपकिरी होत्या, वर्षानुवर्षांच्या. पण मधला भाग लखलखीत होता. कोणीतरी इथे नुकतंच ठोकलं होतं. खूप ठोकलं होतं.

मी खिडकीतल्या चमच्याकडे बघितलं. मग जिथे तो बसलेला सापडला त्या जागेकडे. हातात चमचा, नसरीन म्हणाली होती, काहीतरी खायला उठले असतील. त्या शनिवारी मी कुठे होतो? कुठे असणार. भिंतीपलीकडे, टेबलाशी.

नसरीन बाराला चादरी बदलायला आली. म्हटलं, "पोरी, एक काम कर. मी माझ्या घरी जातो. पाच मिनिटांनी हा चमचा घे आणि ह्या पाइपवर तीन ठोके दे. जोरात."

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

स्वयंपाकघरात जाऊन बसलो. टीव्ही बंद. घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं झाली, सहा झाली, आठ झाली. गुडघे टेकून फळीला कान लावला. पंपाची घरघर, बाकी काही नाही. शेवटी तीच दारात आली, चमचा हातात.

"तीस तरी ठोके दिले असतील मी. हात दुखला."

"नाही आलं ऐकू."

"मग कान तपासून घ्या," ती म्हणाली.

कानाला काही झालेलं नव्हतं. मला आठवलं. उभ्या उभ्या आठवलं आणि मी खाली बसलो. जमिनीवरचं लिनोलियम उचकटलं, फळी काढली. टॉर्च मारला. माझ्या बाजूने तांब्याचे दोन पाइप आणि भिंतीच्या बाजूने तांब्याचे दोन, आणि मध्ये दीड-दीड हात पांढरं प्लास्टिक.

ते मीच घातलं होतं. आई गेली त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात एक सांधा गळत होता. तांबं म्हणजे फळीखाली आग पेटवून, कथील वितळवून डाक द्यायचा, लाकडाला धोका, आणि गुडघे तेव्हाही कुरकुरत होतेच. प्लास्टिक नवीन निघालेलं. नुसतं खुपसायचं, वीस मिनिटांत काम. एक बदलला, म्हटलं आता फळी उचललीच आहे तर दुसराही बदलू. स्वतःवर खूश झालो होतो. त्या दिवसापासून त्या पाइपमधून ऊब जात होती आणि आवाज जात नव्हता. ही गोष्ट बाहेरच्या कोणाला कळली नसती. मला कळायला हवी होती.

आणि त्या हिवाळ्यात डोरीनला मी म्हणालो होतो, आई हल्ली ठोकत नाही गं, थकली बिचारी. तेव्हाही मला काही सुचलं नाही.

"मिस्टर अ‍ॅक्रॉइड?" नसरीन दारातून म्हणाली. "बरं वाटत नाहीये का?"

"नाही," मी म्हणालो. "तू जा. तुला उशीर होईल."

माझं डोकं चालायचं बंद झालं होतं, पण हातांना काम ठाऊक होतं. गुरुवारी सकाळी सगळं पाणी उतरवलं. प्लास्टिक कापून काढलं. तांब्याचे दोन तुकडे मोजून कापले, टोकं घासली आणि फळ्यांखाली पालथा पडून डाक द्यायला लागलो. पूर्वी असा सांधा मी शिट्टी वाजवत करायचो. आता पहिला सांधा गळला, पुन्हा केला. दुपारी तीनपर्यंत मी त्या खड्ड्यात होतो. मधून मधून डोळे पुसत होतो आणि ते काही धुरामुळे नव्हतं. आई तिकडे ठोकत असेल आणि मी येत नसेन, असे तीन महिने गेले असतील. तिला काय वाटलं असेल?

पाणी भरलं, हवा काढली, पुन्हा वाटणी. शुक्रवार सकाळपर्यंत पलीकडे एकोणीस झालं आणि मग हलेना. बॉयलर माझ्याच वयाला आलाय, दोन घरांना पुरे पडेल इतका दम त्याच्यात राहिलेला नाही. मी माझ्या झोपायच्या खोलीतला रेडिएटर पूर्ण मिटवला. मग पुढच्या खोलीतला. मग जिन्यातला. शेवटी स्वयंपाकघरातला राहिला, त्यालाही फक्त पाव फेरा ठेवला. अकरा वाजता त्याच्या खोलीत काटा एकवीसवर आला आणि तिथेच राहिला. नसरीनने डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून आकडा सांगितला. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा बारा होतं.

दोन वाजता अँब्युलन्स आली. त्याला खुर्चीतून आत नेताना मी खिडकीतून बघितलं. नॉर्मन पूर्वी बसडेपोत टायर उचलायचा. आता त्याला दोन पोरांनी पिशवीसारखं उचललं होतं. नसरीनची गाडी गेल्यावर मी कापलेल्या प्लास्टिकचा एक तुकडा घेतला आणि गेलो. किल्ली असूनही दार वाजवलं, मग उघडलं.

तो उशांना टेकून बसला होता. माझ्याकडे बघून त्याने भुवया वर केल्या. "आत कोणी घेतलं तुला?"

"किल्ली आहे माझ्याकडे."

"खोली गरम झालीये."

"एकवीस."

"हं. नसरीन गेली होती ना तुझ्याकडे? बजावलं होतं मी तिला, जाऊ नकोस म्हणून."

मी प्लास्टिकचा तुकडा त्याच्या पांघरुणावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून बघितला. "हे काय?"

"हे मी लावलं होतं फळीखाली. आई गेली त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात." खिडकीतला चमचा घेतला आणि त्या तुकड्यावर मारला. टप, असा काहीतरी मेलेला आवाज आला. "ह्याच्यातून ठोके जात नाहीत. म्हणजे त्या दिवशी तू खरंच ठोकत होतास."

नॉर्मनने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी गधडा आहे. "हे तू मला सांगतोस? मी ठोकत होतो हे मला ठाऊकच आहे की रे."

"मला ऐकू आलं नाही, नॉर्मन."

श्वास घेताना त्याच्या छातीत अजून घरघर होत होती.

"ऐकलं असतं तर आलो असतो. मॅच काय, घर पेटलं असतं तरी आलो असतो."

"आई म्हणाली होती, ठोकू नकोस." तो तुकड्याकडे बघत बोलत होता. "दुसऱ्या-तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा म्हणाली. त्याची चहाची वेळ आहे, म्हणाली, पिऊन झाला की येईल."

खुर्चीत बसलो. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, तोंडावर हात धरून रडलो. त्याने मला रडू दिलं.

मग तो म्हणाला, "पाइप प्लास्टिकचा होता, ठीक. दार तर लाकडाचंच होतं ना? अकरा वर्षं?"

"तुझंही लाकडाचंच होतं."

"होतं," तो म्हणाला.

रेडिएटर आतून टिकटिकत होता, नवीन गरम झाला की करतो तसा.

"दर रविवारी ठोकायचो मी," नॉर्मन म्हणाला. "चारला. तू यावंस म्हणून नाही. तुला टोचावं म्हणून. आधी रागाने, मग रागही गेला आणि नुसती सवय राहिली. आणि त्या शनिवारी, पडलो तेव्हा..." तिथे तो थांबला. "जा आता. थकलोय मी."

"नॉर्मन, मी..."

"जा म्हटलं ना, क्लिफ."

गेलो. प्लास्टिकचा तुकडा त्याच्याकडेच राहिला.

शनिवारी नसरीन येत नाही. मी सकाळी सूप आणि पाव घेऊन गेलो. त्याने खाल्लं, दूध आणायला सांगितलं, मी आणून दिलं, बस. थर्मामीटर बघितला, एकवीस. "ठीक आहे?" विचारलं, "ठीक आहे," म्हणाला. अकरा वर्षांनी मिळालेलं बोलणं ते एवढंच. घरी आलो तर स्वयंपाकघरात अकरा डिग्री. कोट काढला नाही, टोपीही काढली नाही. टीव्ही लावावासा वाटेना. वाटलं, सांधा जोडून दिला, काम झालं, आता तो तिकडे आणि मी इकडे. असंच व्हायचं असेल तर मला कोणाला दोष देता येणार नाही.

रविवारी सकाळी सूप देऊन आलो, तेव्हा तो झोपलेला होता. दुपारी मी टेबलाशी बसलो. फळी मी परत ठोकलीच नव्हती, खड्डा तसाच उघडा, खाली नवीन तांबं. तीनला चहा केला. साडेतीनला तो थंड झाला. मी पिऊ शकलो नाही. पावणेचारला मला घाम फुटला, त्या थंडीत. कशाला ठोकेल तो आता? टोचायचं ते टोचून झालं. कळायचं ते कळलं. माझ्याकडून त्याला काय हवं असणार? चार वाजले. मी पाइपकडे बघत बसलो. चार वाजून एक मिनिट झालं, दोन झाली.

मग पायाखालून आवाज आला. खणखणीत, टेबलावर कोणी चमचा मारावा तसा. एक. मध्ये जरा वेळ, त्याच्या हातात आता जोर नाही. दोन. तीन.

मी खाली गुडघे टेकले. चहाचा चमचा कपातच होता, तो घेतला. आईला द्यायचे राहिले होते ते दोन ठोके दिले. मग टेबलाला धरून उठलो. कोट अंगावरच होता.